ग्रीनब्रायर हॉटेलखालचा बंकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुयुद्ध पेटलं तर सरकारनं जमिनीखाली उतरायचं आणि तिथून कारभार हाकायचा, ही कल्पना ऐकायला सिनेमातली वाटते. त्यामुळे या विषयावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे खरंच होतं का?" होतं. त्यातल्या एका बंकरची तर आता तिकीट काढून सहल करता येते. खालचे बहुतेक प्रश्न त्याच एका बंकरबद्दल आहेत, कारण त्याची माहिती सगळ्यात पक्की आहे आणि गोष्टही सगळ्यात अजब आहे. दुसऱ्या देशांतले बंकर जिथे उपयोगी पडतात तिथेच आणले आहेत.

हा बंकर नेमका कुणासाठी होता?

अमेरिकेच्या संसदेसाठी, म्हणजे काँग्रेससाठी. सिनेटचे १०० आणि प्रतिनिधिगृहाचे ४३५ असे ५३५ सदस्य, शिवाय त्यांचे मदतनीस, मिळून सुमारे १,१०० माणसांची सोय होती. जागा वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज या छोट्या गावातली. तिथे ग्रीनब्रायर नावाचं एक जुनं, आलिशान हॉटेल आहे. गंधकयुक्त पाण्याच्या झऱ्यामुळे १७७८ पासून लोक तिथे हवापालटाला येतात. या हॉटेलच्या एका नव्या विंगखाली, डोंगराच्या पोटात, १ लाख १२ हजार चौरस फुटांचा, म्हणजे साधारण अडीच एकरांचा बंकर बांधला गेला. प्रकल्पाचं सांकेतिक नाव आधी 'कॅस्पर' होतं, पुढे 'ग्रीक आयलंड' झालं. त्याचा ग्रीसशी किंवा बेटाशी काडीचा संबंध नाही, आणि सांकेतिक नाव असंच असावं लागतं.

हॉटेलखालीच का? लष्कराच्या तळावर का नाही?

लष्करी तळ शत्रूच्या नकाशावर आधीच असतो. हॉटेल नसतं.

शिवाय या हॉटेलला सरकारची सवय होती. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा जर्मनी, जपान वगैरे शत्रुराष्ट्रांचे राजनैतिक अधिकारी आणि त्यांची कुटुंबं अदलाबदल होईपर्यंत याच हॉटेलात ठेवली होती. नंतर सैन्यानं हॉटेल ताब्यात घेऊन तिथे रुग्णालय चालवलं. आयझेनहॉवर यांचं या जागेशी जुनं नातं होतं, आणि १९५० च्या दशकात बंकरचा विचार पुढे आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष तेच होते. हॉटेलची मालकी एका रेल्वे कंपनीकडे, चेसापीक अँड ओहायोकडे होती. त्यामुळे रूळ थेट हॉटेलच्या दारापर्यंत. चारी बाजूंनी डोंगर. वॉशिंग्टनपासून अंतर सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कोल्हापूर गाठण्याइतकं. राजधानीवर बॉम्ब पडला तरी इथे धग पोचणार नाही इतकं लांब, आणि रेल्वेनं किंवा मोटारीनं काही तासांत येता येईल इतकं जवळ. हे "काही तास" लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच सगळं अडतं.

एवढं खोदकाम लपवलं कसं?

लपवलं नाही, दुसऱ्या नावानं उघड केलं. हॉटेलची 'वेस्ट व्हर्जिनिया विंग' नावाची नवी इमारत बांधायला घेतली. डोंगर फोडला जातोय, ट्रक येतायत, काँक्रीट ओतलं जातंय, हे सगळं गावासमोर चाललं होतं. विचारलं तर उत्तर तयार: हॉटेल वाढवतोय. काम १९५० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला संपलं.

गावातल्या लोकांना काहीच कळलं नाही असं मात्र समजू नका. गवंडीकाम जाणणाऱ्या माणसाला दोन-चार फूट जाडीची भिंत आणि हॉटेलची भिंत यातला फरक सांगावा लागत नाही. एवढ्याशा गावाजवळच्या विमानतळाला सात हजार फुटांची धावपट्टी कशाला, हा प्रश्नही पडत असणारच. पण गावची रोजीरोटी हॉटेलवर होती आणि काम करणाऱ्यांकडून गुप्ततेच्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. खेड्यात अशी गुपितं असतात. सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही.

आत काय काय होतं?

आधी दार. डोंगराच्या पश्चिम बाजूनं एक बोगदा आत येतो, लांबी ४३३ फूट. त्याच्या तोंडाशी २५ टनांचं पोलादी दार. ही दारं मॉस्लर नावाच्या तिजोऱ्या बनवणाऱ्या कंपनीची. या कंपनीची एक जुनी ख्याती होती: हिरोशिमातल्या तेइकोकू बँकेत मॉस्लरच्या तिजोऱ्या होत्या आणि १९४५ च्या अणुस्फोटातून त्या शाबूत राहिल्या. कंपनीनं पुढे त्याची जाहिरातही केली. ज्या शहरात माणसं जागच्या जागी जळून गेली तिथली तिजोरी टिकली म्हणून अभिमान बाळगणं विचित्र आहे, पण अणुयुगाच्या विक्रेत्याकडे यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठलं असणार? दाराची बिजागरी दीड टनाची, तरी तोल इतका अचूक की २०-२५ किलोच्या जोरानं, म्हणजे एका माणसाला, ते ओढता येतं.

दारातून आत आलं की पहिली पायरी आंघोळीची. बाहेरून येणाऱ्यानं अंगावरचे कपडे काढून टाकायचे, फवाऱ्याखाली उभं राहून किरणोत्सारी धूळ धुऊन काढायची आणि सरकारी कपडे चढवायचे. सिनेटर असो की त्याचा कारकून, दोघांना सारखेच. पुढे १८ मोठ्या झोपायच्या खोल्या, प्रत्येकीत साधारण ६० जणांचे दुमजली लोखंडी पलंग. सामान ठेवायला एक छोटा कप्पा. वरच्या मजल्यांवर झुंबरं आणि चांदीच्या चहादाण्या, आणि खाली हे असं, थेट वसतिगृह. एकूण खोल्या १५३.

४०० जण एका वेळी बसतील असं भोजनगृह. १२ खाटांचा दवाखाना, शस्त्रक्रियेच्या खोलीसकट. स्वतःचं वीजघर. पाण्याच्या तीन टाक्या, प्रत्येकी सुमारे ९५ हजार लिटरच्या, आणि डिझेलच्या तीन, प्रत्येकी सुमारे ५३ हजार लिटरच्या. कचरा जाळायची एक भट्टीही होती. आत कुणी मेलं तर दफनासाठी बाहेर जाता येणार नव्हतं, तेव्हा त्या भट्टीचं दुसरं काम काय असणार हे वेगळं सांगायला नको.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती दूरदर्शन प्रक्षेपणाची खोली. तिथल्या भिंतीवर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीचं, म्हणजे संसदभवनाचं, मोठं चित्र होतं. त्याच्यासमोर उभं राहून खासदारांनी देशाशी बोलायचं. चित्रातल्या झाडांची पानं ऋतूप्रमाणे बदलता येत होती, म्हणजे शरद ऋतूत युद्ध झालं तर मागे हिरवीगार झाडं दिसून घोटाळा व्हायला नको. कॅपिटॉल तेव्हा उभं असेल की नाही याची खात्री नव्हती, पण त्याच्यासमोरची पानं मात्र हंगामाला धरून असणार होती.

संसदेची सभागृहं पण होती म्हणतात?

होती, आणि तीच या बंकरची सगळ्यात धीट युक्ती. प्रतिनिधिगृहासाठी 'गव्हर्नर्स हॉल' आणि सिनेटसाठी 'माउंटनियर रूम' ही दोन सभागृहं, शिवाय दोन्ही गृहांच्या संयुक्त बैठकीसाठी एक प्रचंड प्रदर्शन दालन. ही तिन्ही वर्षानुवर्षं हॉटेलच्या पाहुण्यांना खुली होती! कंपन्यांच्या बैठका, मोटारींची प्रदर्शनं, परिषदा सगळं तिथे चालायचं. अणुहल्ल्यासाठी बांधलेल्या बंकरच्या आत आपण सँडविच खातोय याचा कुणाला पत्ता नव्हता. दालनाच्या तोंडाशी असलेलं अवजड दार भडक नक्षीचा वॉलपेपर लावलेल्या सरकत्या भिंतीमागे झाकलेलं असायचं. दालनात मध्येच इतके जाडजूड खांब का, असा प्रश्न एखाद्या वास्तुविशारद पाहुण्याला पडायला हवा होता.

इतकी वर्षं त्याची देखभाल कोण करत होतं?

टीव्ही दुरुस्त करणारे.

हॉटेलात फोर्साइथ असोसिएट्स नावाची एक कंपनी होती. काम काय, तर खोल्यांमधले टीव्ही सांभाळायचे. दहा-पंधरा माणसं. ती खरोखरच टीव्ही दुरुस्त करायची. एखाद्या पाहुण्याच्या खोलीत चित्राला मुंग्या आल्या की त्यांच्यातलाच कुणीतरी हत्यारांची पेटी घेऊन हजर व्हायचा. पण टीव्हीचं काम दिवसातला थोडासाच वेळ खायचं. उरलेला वेळ जमिनीखाली जायचा. ही माणसं प्रत्यक्षात संरक्षण खात्यासाठी काम करत होती.

बंकर बांधणं हे एकदाचं काम असतं. तो "आज रात्री लोक आले तर" या तयारीत ठेवणं हे रोजचं, आणि ते तीस वर्षं चाललं. हवेच्या गाळण्या बदलायच्या. जनित्रं सुरू करून बघायची. मुदत संपलेली औषधं काढून नवी ठेवायची, आणि औषधं म्हणजे नुसतं क्रोसिन नव्हे: कुठल्या सदस्याला रक्तदाबाची कुठली गोळी लागते याची यादी अद्ययावत ठेवायची, निवडणूक झाली की ती पुन्हा नव्यानं करायची. वाचायला ठेवलेली मासिकंसुद्धा नवी येत. आपल्याकडे दवाखान्यात दोन वर्षांपूर्वीचा दिवाळी अंक मिळतो, इथे कधीही न येणाऱ्या माणसांसाठी ताजा अंक तयार असायचा.

या तंत्रज्ञांची गावात घरं होती, मुलं गावच्या शाळेत जात होती. "काय काम करता?" या प्रश्नाला "टीव्ही दुरुस्त करतो" हे उत्तर त्यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं दिलं. माझ्या मते या प्रकल्पातलं खरं पोलाद ते होतं. मॉस्लरचं दार त्यापुढे काहीच नाही.

थेट बॉम्ब पडला असता तर बंकर टिकला असता का?

नाही, आणि त्याची तशी अपेक्षाही नव्हती. हा बंकर लांबच्या स्फोटाचा दाब आणि त्यानंतर खाली बसणारी किरणोत्सारी धूळ यापासून वाचवण्यासाठी होता. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेनं 'कॅसल ब्राव्हो' ही चाचणी केली, ती १५ मेगाटनांची, म्हणजे हजारपट. तिची धूळ शेकडो किलोमीटर पसरली. त्यानंतर कुठलाही अभियंता "आमचं काँक्रीट थेट मारा सोसेल" असं छातीठोक सांगू शकत नव्हता. सोसण्यापेक्षा सापडूच नये, हा मार्ग उरला.

दाबाच्या लाटेशी कसं वागायचं यात मात्र फार हुशारी होती, आणि इथे कॅनडाचा बंकर बघण्यासारखा आहे. ओटावाजवळच्या कार्प गावी १९५९ ते १९६१ मध्ये चार मजली बंकर जमिनीत पुरला. पंतप्रधान डीफेनबेकर यांच्या नावावरून लोक त्याला गमतीनं 'डीफेनबंकर' म्हणू लागले. त्याचा प्रवेशबोगदा लांबलचक आहे, पण बंकरचं दार बोगद्याच्या शेवटी नाही, मधेच बाजूच्या भिंतीत आहे. स्फोटाची लाट बोगद्यात शिरली तरी ती सरळ निघून जाते, दारावर समोरून आदळत नाही. आपल्या गडांचं गोमुखी प्रवेशद्वार आठवा. रायगडाचा महादरवाजा खालून येणाऱ्याला समोर दिसतच नाही. दोन बुरुजांमधून वळण घेतल्यावरच तो सापडतो, त्यामुळे हत्तीला धावत येऊन धडक द्यायला जागा मिळत नाही. हत्तीच्या जागी दाबाची लाट ठेवली की कार्पचा नकाशा तयार होतो. अर्थात कॅनडाच्या अभियंत्यांनी रायगड पाहिला होता असं कुणी म्हणू नये. एकच अडचण आली की दोन शहाणे एकाच उत्तराशी पोचतात, इतकंच.

आत किती दिवस राहावं लागलं असतं?

किरणोत्सारी धुळीचा एक ढोबळ हिशेब आहे: काळ सातपट झाला की मारा दहापट कमी होतो. स्फोटानंतर एका तासानं जो मारा असेल त्याच्या दहावा हिस्सा सात तासांनी, शंभरावा ४९ तासांनी, म्हणजे दोन दिवसांनी, आणि हजारावा साधारण दोन आठवड्यांनी उरतो. त्यामुळे पहिले दोन दिवस जिवावरचे आणि पहिला पंधरवडा काळजीचा. बहुतेक देशांचे हिशेब त्याच्या पुढे थोडी सवलत ठेवून केलेले दिसतात: कॅनडाच्या बंकरमध्ये ३० दिवसांची सोय, पश्चिम जर्मनीच्याही ३० दिवसांची, ब्रिटनच्या तीन महिन्यांची.

तेवढ्या दिवसांनी दार उघडून बाहेर आल्यावर कुणावर राज्य करायचं, याचा हिशेब कागदावर नव्हता.

बायकामुलांना आत घेणार होते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. पलंगांच्या हिशेबातच उत्तर आहे. १,१०० पलंग आणि ५३५ सदस्य: प्रत्येकामागे एक मदतनीस धरला की संपले. घरच्यांसाठी पलंग नाही.

भिंतींच्या जाडीचे आकडे कितीही मोठे असले तरी ही सगळी यंत्रणा याच एका जागी पोकळ होती, असं माझं स्पष्ट मत आहे. योजना आखणाऱ्यांनी धरून चाललं की सायरन वाजल्यावर माणूस बायकोचा हात सोडेल, मुलांना घरी ठेवेल आणि खिशातलं ओळखपत्र दाखवून गाडीत बसेल. प्रत्यक्ष माणसांना विचारलं तेव्हा काय झालं? सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांना दुसऱ्या एका बंकरचं ओळखपत्र देण्यात आलं. पत्नीचं ओळखपत्र कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. तिच्यासाठी नाही म्हटल्यावर त्यांनी आपलंही परत केलं. कॅनडात डीफेनबेकर यांची तीच गत: पत्नी ऑलिव्हना प्रवेश नाही म्हटल्यावर त्यांनी आपणही जाणार नाही असं सांगून टाकलं. म्हणजे ज्याचं नाव त्या बंकरला चिकटलं तोच माणूस तिथे राहायला जाणार नव्हता.

सामान्य नागरिकांच्या वाट्याला काय होतं हेही शेजारी ठेवून बघा. १९६१ पासून केनेडी सरकारनं शाळा, कचेऱ्या, मोठ्या इमारतींची तळघरं निवडून त्यांवर काळ्या-पिवळ्या पाट्या लावल्या आणि आत कडक बिस्किटांचे डबे व पाण्याची पिंपं ठेवली. निर्वाचितांना शस्त्रक्रियेची खोली, मतदारांना बिस्किटं.

बंकर प्रत्यक्षात कधी वापरला गेला का?

कधीच नाही. १९६२ च्या ऑक्टोबरात क्युबातल्या क्षेपणास्त्रांवरून युद्ध अगदी दारात आलं, तेव्हा तो वापरायच्या सर्वांत जवळ पोचला होता. पुढे तीस वर्षं नुसती वाट पाहणं.

मग तो खरंच उपयोगाचा होता का?

बांधायला घेतला तेव्हा, थोडासा. संपला तोवर, फारसा नाही. १९५० च्या दशकात धोका होता तो बॉम्बफेकी विमानांचा. सोव्हिएत संघातून विमान यायला अनेक तास लागणार, तेवढ्यात रेल्वे भरून खासदार ४०० किलोमीटरवर नेता आले असते. पण १९५७ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघानं आंतरखंडीय क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी केली. ते अर्ध्या तासात पोचतं. पाणबुडीतून सुटलेलं तर त्याहूनही लवकर. अर्ध्या तासात ५३५ खासदारांना एका खोलीत गोळा करून दाखवावं, मग बंकरचं बघू! त्यांना साधं मतदानासाठी सभागृहात आणायचं तर पक्षप्रतोदांच्या नाकी नऊ येतात.

तरीही देखभाल चालू राहिली. सरकारी खर्च एकदा सुरू झाला की तो का सुरू झाला हे विचारणारा माणूस आधी निवृत्त होतो.

गुपित फुटलं कसं?

३१ मे १९९२ रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या रविवारच्या मासिकात टेड गप या पत्रकारानं सगळं छापलं: जागा, नाव, रचना, टीव्ही दुरुस्तीची कंपनी. सोव्हिएत संघ आदल्या डिसेंबरात विसर्जित झाला होता. बातमी आल्यावर बंकर निकाली निघाला, कारण तो वाचवणार होता तो गुपित म्हणूनच. १९९५ मध्ये सरकारचा हॉटेलशी असलेला करार संपला.

पत्रकारानं देशाचं नुकसान केलं का, असंही विचारतात. तेव्हाही अनेकांनी तो आरोप केला. मला तो पटत नाही. ज्या जागेपर्यंत वेळेत पोचताच येत नाही, तिचं गुपित राखून कुणाचं रक्षण होत होतं? आणि आपल्या नावानं, आपल्या पैशानं काय बांधलं हे तीस वर्षांनी तरी लोकांना कळायला नको?

कॅनडात तर गुपित बांधकाम चालू असतानाच फुटलं. १९६१ मध्ये 'टोरांटो टेलिग्राम'नं विमानातून काढलेला फोटो छापला आणि जागेवर किती न्हाणीघरांचं सामान उतरलंय ते मोजून दाखवलं. सैन्य म्हणत होतं, संदेशवहनाचं छोटं केंद्र आहे. छोट्या केंद्राला ७८ न्हाणीघरं कशाला?

अमेरिकेत एवढाच एक होता का?

छे. राष्ट्राध्यक्षांच्या यंत्रणेसाठी व्हर्जिनियातला माउंट वेदर, लष्करासाठी पेनसिल्व्हेनियातला रेव्हन रॉक, हवाई संरक्षणासाठी कोलोरॅडोतला शायेन डोंगर. शायेनमध्ये तर ग्रॅनाइटच्या पोटात १५ इमारती प्रचंड स्प्रिंगांवर उभ्या आहेत, हादरा बसला तर डोलाव्यात म्हणून. हे तिन्ही आजही वापरात आहेत.

माउंट वेदरकडे लोकांचं लक्ष गेलं ते एका दुर्घटनेमुळे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनकडे उतरणारं टीडब्ल्यूएचं प्रवासी विमान तिथल्या डोंगरावर आदळलं आणि ९२ जण मेले. बातमीदार अपघात बघायला गेले आणि कुंपणापलीकडे काय आहे असं विचारू लागले.

आणखी एक सांगायलाच हवा: व्हर्जिनियातल्या कल्पेपरजवळ माउंट पोनीच्या पोटात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं अब्जावधी डॉलरच्या नोटा रचून ठेवल्या होत्या, युद्धानंतर बाजार पुन्हा सुरू करायला. लोक नसतील, दुकानं नसतील, पण सुट्ट्या पैशांची अडचण नको. त्या जागेत आता काँग्रेसच्या ग्रंथालयाचा चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे. यापेक्षा चांगला शेवट कुठल्याच बंकरला लाभलेला नाही.

युरोपात काय होतं?

ब्रिटननं विल्टशरमधल्या कॉर्शमला, दगडाच्या जुन्या खाणीत, ३५ एकरांचं भूमिगत शहर वसवलं. चार हजार माणसांसाठी. टेलिफोन एक्सचेंज, बीबीसीचा स्टुडिओ, कागद इकडून तिकडे पाठवायच्या हवेच्या नळ्या, सगळं. सर्वाधिक ओळखलं जाणारं सांकेतिक नाव 'बर्लिंग्टन'. २००४ मध्ये त्याची गुप्तता उठवली गेली. त्याच खाणीत दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या इंजिनांचा कारखाना होता आणि कामगारांना करमावं म्हणून ओल्गा लेमन या चित्रकर्तीनं भिंतींवर रंगवलेली चित्रं अजून तिथे आहेत.

पश्चिम जर्मनीनं बॉनच्या दक्षिणेला, आर नदीच्या खोऱ्यात, पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून अर्धवट पडलेल्या रेल्वे बोगद्यांत १७ किलोमीटरहून लांब बंकर केला. वर द्राक्षांचे मळे, खाली तीन हजार माणसांची सोय. पूर्व जर्मनीच्या हेरखात्याला त्याची माहिती बांधकामावरच्याच माणसाकडून मिळत होती. म्हणजे शत्रूला ठाऊक आणि स्वतःच्या नागरिकांपासून लपवलेलं. या गुपितांचं हे नेहमीचंच.

युगोस्लाव्हियात राष्ट्राध्यक्ष टिटोंसाठी कोनयित्सजवळ डोंगरात बंकर खणायला १९५३ मध्ये घेतला. वरून बघणाऱ्याला तीन साधी घरं दिसत. काम १९७९ मध्ये पूर्ण झालं. १९८० च्या मे महिन्यात टिटो गेले.

सगळ्या जनतेसाठी कुणीच काही केलं नाही?

स्वित्झर्लंडनं केलं. १९६० च्या दशकात कायदाच केला की नव्या घराबरोबर आसऱ्याची जागा बांधायची. आज तिथे लोकसंख्येला पुरतील इतक्या जागा आहेत. एरवी त्यात वाइन, सायकली आणि बटाटे असतात. पण मोठं स्वप्न पडलं की त्यांचीही फजिती झाली. ल्युसर्नमध्ये १९७६ साली सोनेनबर्ग महामार्गाचे दोन बोगदे असे बांधले की वेळ आल्यावर २० हजार लोक आत राहतील. १९८७ मध्ये सराव घेतला, तेव्हा ३५० टनांच्या दारांपैकी एक नीट बंद झालंच नाही.

मॉस्कोखाली 'मेट्रो-२' नावाची गुप्त रेल्वे आहे हे खरं का?

त्याबद्दल कथा पुष्कळ आहेत, अधिकृत कबुली नाही. पक्कं सांगता येईल ते टागान्का भागातल्या 'बंकर-४२' बद्दल: जमिनीखाली सुमारे ६५ मीटर, १९५० च्या दशकातला, आणि आज संग्रहालय.

मुंबईच्या राजभवनात सापडलेला बंकर यातलाच का?

नाही. २०१६ मध्ये मलबार हिलवरच्या राजभवनात भिंतीआड बंद असलेला १३ खोल्यांचा, सुमारे पाच हजार चौरस फुटांचा भूमिगत बंकर सापडला, तेव्हा समाजमाध्यमांवर त्याला थेट अणुयुद्धाशी जोडणारे महाभाग निघाले. तो ब्रिटिशांच्या काळातला, समुद्राकडे तोंड करून उभ्या तोफांसाठीचा. खोल्यांवर 'शेल स्टोअर', 'कार्ट्रिज स्टोअर' अशी नावंच होती, म्हणजे दारूगोळ्याचं कोठार. अणुबॉम्बची कल्पनाही कुणाला नव्हती. २०१९ पासून तिथे संग्रहालय आहे.

ग्रीनब्रायरचा बंकर आज बघता येतो का?

येतो. हॉटेलच मार्गदर्शकासह सहली चालवतं. बोगदा, दार, पलंगांची एखादी खोली, सभागृहं दाखवतात. एक सूचना: मोबाइल आणि कॅमेरा आत नेऊ देत नाहीत. कारण शीतयुद्ध नव्हे. बंकरचा काही भाग आता खासगी कंपन्यांच्या संगणकीय नोंदी सुरक्षित ठेवायला भाड्यानं दिलेला आहे. म्हणून फोन आत जाण्याआधीच बाहेर ठेवावा लागतो.